दोन ट्रान्झिस्टरांचा व्होल्टेज कम्पॅरेटर: निर्णय नेमका कुठे होतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. १२ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी एका मर्यादेखाली उतरली की लोड तोडायचा, त्यासाठीचे हे सर्किट. दोन बीसी५४७ (एनपीएन) ट्रान्झिस्टरांचे एमिटर एकमेकांना जोडून एका रेझिस्टरने ग्राउंडला नेले आहेत. एकाच्या बेसवर झेनर (ठरावीक व्होल्टेज धरून ठेवणारा डायोड), दुसऱ्याच्या बेसवर बॅटरीवरून आलेला डिव्हायडर (व्होल्टेजचा ठरावीक हिस्सा देणारी रेझिस्टरांची साखळी), पुढे बीसी५५७ (पीएनपी ट्रान्झिस्टर) आणि मग रिले. कम्पॅरेटर आयसी नसताना ही जोडी दोन व्होल्टेजची तुलना करते कशी? कलेक्टरला १.२ किलोओहमऐवजी १० किलोओहम लावला तरी सर्किट चालते, पण सेटिंग सरकते, ते का? आणि कटऑफच्या जवळ रिले टकटक का करतो?

तिन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच ठिकाणी सापडते: एमिटरच्या सामाईक रेझिस्टरमधून जाणारा करंट कोणाच्या वाट्याला किती येतो, आणि तो वाटा केवढा झाला की पुढचा ट्रान्झिस्टर जागा होतो. व्होल्टेज बघत बसलात तर हे सर्किट गूढ वाटते. करंट मोजू लागलात की ते उलगडते.

आधी एकच ट्रान्झिस्टर वापरून काय होते ते बघा, म्हणजे दुसरा कशासाठी आहे हे कळेल. डिव्हायडर थेट एका बीसी५४७ च्या बेसला दिला आणि एमिटर ग्राउंडला ठेवला, तर तो साधारण ०.६५ व्होल्टला चालू होतो. हाही कम्पॅरेटरच, पण त्याचा संदर्भ म्हणजे त्याचाच बेस-एमिटर जंक्शन, आणि तो दर अंश सेल्सिअसला सुमारे २ मिलिव्होल्टने उतरतो. डिव्हायडर ११.६ व्होल्टचे ०.६५ व्होल्ट करतो, म्हणजे जवळजवळ १८ पट खाली आणतो. त्यामुळे जंक्शनचे २ मिलिव्होल्ट बॅटरीच्या टोकाला ३६ मिलिव्होल्ट होऊन दिसतात. पहाटे २० अंशांना ११.६ व्होल्टला लावलेले सेटिंग दुपारी ४० अंशांना १०.९ च्या आसपास जाते. बॅटरीच्या कामाला हे अजिबात चालणार नाही. एमिटरखाली ५.६ व्होल्टचा झेनर घातला तर घसरण अंशाला ४ मिलिव्होल्टच्या आत येते. बऱ्याच जुन्या चार्जरमध्ये एवढेच केलेले असते. दुसरा ट्रान्झिस्टर ही उरलेली घसरणही खातो, कारण दोघांचे जंक्शन एकाच वेळी, एकाच दिशेने सरकतात आणि फरक तेवढाच राहतो.

आता जोडी. डिव्हायडरकडच्या ट्रान्झिस्टरला क्यू१ म्हणू, झेनरकडच्याला क्यू२. पुढचा बीसी५५७ क्यू३ आणि रिले ओढणारा बीसी३३७ क्यू४. किमती अशा: झेनर बीझेडएक्स७९ मालिकेतला ५.६ व्होल्टचा, त्याला सप्लायवरून १.२ किलोओहम, झेनरवर ०.१ मायक्रोफॅरड. सामाईक एमिटर रेझिस्टर ४.७ किलोओहम. क्यू२ चा कलेक्टर थेट सप्लायला. क्यू१ चा कलेक्टर १.२ किलोओहममधून सप्लायला, आणि त्याच कलेक्टरला क्यू३ चा बेस. क्यू३ चा एमिटर सप्लायला. क्यू३ च्या कलेक्टरवरून ४.७ किलोओहम ग्राउंडला आणि ३.३ किलोओहम क्यू४ च्या बेसला. डिव्हायडर: वर ८.२ किलोओहम, मध्ये ५ किलोओहमचा मल्टिटर्न प्रीसेट (स्क्रूने फिरवायचा बदलता रेझिस्टर), खाली ८.२ किलोओहम, प्रीसेटचा मधला पाय क्यू१ च्या बेसला. शेवटी क्यू३ च्या कलेक्टरवरून १०० किलोओहम परत क्यू१ च्या बेसला. हा १०० किलो सध्या बाजूला ठेवा, तो नंतर लागेल.

क्यू२ चा बेस ५.६ व्होल्टवर आहे, म्हणून तो चालू असताना एमिटर सुमारे ४.९५ व्होल्टवर बसतो. ४.७ किलोओहममधून १.०५ मिलिॲम्पिअर जातो. हा झाला सामाईक करंट. रेझिस्टरला तो कुठून येतो याच्याशी देणेघेणे नाही, त्याला १.०५ मिलिॲम्पिअर मिळाला की झाले. दोन्ही बेस सारख्या व्होल्टेजला असतील तर दोघे अर्धा-अर्धा देतात. क्यू१ चा बेस जरा वर गेला की क्यू१ जास्त देतो, एमिटर किंचित वर उचलला जातो, आणि त्यामुळेच क्यू२ चा बेस-एमिटर व्होल्टेज कमी होऊन तो मागे सरतो. दोघांपैकी ज्याचा बेस वर, तो दुसऱ्याला बंद पाडतो. तुलना म्हणतात ती एवढीच.

किती फरक पुरतो? ट्रान्झिस्टरचा कलेक्टर करंट बेस-एमिटर व्होल्टेजशी घातांकी नात्याने वाढतो आणि खोलीच्या तापमानाला त्याचे एकक सुमारे २६ मिलिव्होल्ट असते. त्यामुळे दोन बेसमध्ये १८ मिलिव्होल्टचा फरक असला की करंट २ ला १ असा वाटला जातो, ६० मिलिव्होल्टला १० ला १, आणि १२० मिलिव्होल्टला १०० ला १. दहावा भाग व्होल्टचा फरक झाला की जवळपास सगळा करंट एका बाजूला गेला असे धरून चला. ट्रान्झिस्टरचा बीटा (कलेक्टर करंट बेस करंटच्या किती पट, तो आकडा) या हिशेबात कुठेच आला नाही. बीटा ११० असो वा ४५०, वाटणी तीच राहते. बीटा फक्त बेस करंटमधून त्रास देतो, तो पुढे बघू.

आता १.२ किलोओहमचा प्रश्न. क्यू१ चा करंट या रेझिस्टरमधून जातो आणि त्याच्यावर पडणारा व्होल्टेज म्हणजेच क्यू३ चा बेस-एमिटर व्होल्टेज. तो ०.६५ झाल्याशिवाय क्यू३ हलत नाही. ०.६५ भागिले १.२ किलोओहम म्हणजे ०.५४ मिलिॲम्पिअर, जो १.०५ च्या जवळजवळ निम्मा आहे. म्हणजे क्यू३ जागा होतो तो क्षण आणि दोन्ही बेस समान होण्याचा क्षण एकच. हे योगायोगाने जुळलेले नाही, रेझिस्टर निवडताना मुद्दाम जुळवलेले आहे. जोडी नुसता करंट वाटते. हो की नाही हे क्यू३ ठरवतो आणि त्याचा उंबरठा हा रेझिस्टर लावतो.

तिथे १० किलोओहम घातला की क्यू३ ला ०.०६५ मिलिॲम्पिअरच पुरतो. क्यू१ कडे ०.०६५ आणि क्यू२ कडे ०.९८५, म्हणजे १ ला १५ ही वाटणी. ती होते क्यू१ चा बेस संदर्भापेक्षा सुमारे ७० मिलिव्होल्ट खाली असतानाच. डिव्हायडर या सेटिंगला सुमारे २.१ पट भागतो, म्हणून बॅटरीच्या टोकाला सेटिंग ०.१५ व्होल्टने खाली सरकते. प्रीसेट फिरवून ते भरून काढता येते, त्यामुळे सर्किट ‘चालते’. पण त्या टोकाला जोडीची धार बोथट असते: समतोलावर (दोन्ही बेस समान असताना) बेसच्या १ मिलिव्होल्टला सुमारे १० मायक्रोॲम्पिअर बदल मिळतो, इथे जेमतेम २.३. शिवाय क्यू३ बंद होताना त्याच्या बेसमधला साठा १० किलोओहममधून निघायला वेळ लागतो. बॅटरीला त्याने फरक पडत नाही, वेगवान कामात पडतो.

उलट बाजूची चूक मात्र सर्किट पूर्ण बंद पाडते. ४७० ओहम लावला तर क्यू३ ला जागे व्हायला १.३८ मिलिॲम्पिअर हवा, आणि सामाईक करंटच १.०५ चा. बॅटरी कितीही भरलेली असू द्या, नेहमीच्या व्होल्टेजला रिले ओढतच नाही. अशा वेळी सगळे ट्रान्झिस्टर बदलून बघितले जातात आणि दोष असतो एका रेझिस्टरचा. ६८० ओहमला सर्किट कसेबसे चालते, पण क्यू३ च्या बेसला उरतो फारच थोडा करंट, रिले ढिला पडतो. म्हणून नियम सोपा: कलेक्टर रेझिस्टर बरोबर ०.६५ भागिले सामाईक करंटचा निम्मा. संदर्भ बदलला, एमिटर रेझिस्टर बदलला, की हा रेझिस्टरही पुन्हा काढायचा.

क्यू२ च्या कलेक्टरला रेझिस्टर लागत नाही. काही आराखड्यांत सममितीसाठी तो काढलेला असतो. त्याने बिघडत नाही, काही मिळतही नाही.

आता बेस करंट. समतोलावर प्रत्येकाला सुमारे ०.५ मिलिॲम्पिअर, बीटा २०० धरला तर बेसला २.६ मायक्रोॲम्पिअर. डिव्हायडरचा आतला रोध ५.३ किलोओहम, म्हणून बेसवर १४ मिलिव्होल्ट कमी पडतात आणि बॅटरीच्या टोकाला ३० मिलिव्होल्टचा फरक दिसतो. एवढे प्रीसेटने निघते. मात्र बॅटरीचा करंट वाचवायचा म्हणून डिव्हायडर दहापट मोठा, म्हणजे ८२-५०-८२ किलोओहमचा केला, तर तोच फरक ०.३ व्होल्ट होतो आणि बीटा तापमानाने बदलतो तसा तोही बदलतो. मोठा डिव्हायडर हवाच असेल तर बीसी५४७सी घ्या (त्याचा बीटा ४२० ते ८००) आणि क्यू२ च्या बेसलाही डिव्हायडरच्या आतल्या रोधाएवढा रेझिस्टर झेनर आणि बेस यांच्यामध्ये टाका. दोन्हीकडे सारखाच व्होल्टेज पडतो आणि बराचसा फरक कटतो.

जोडीतले दोन ट्रान्झिस्टर एकाच टेपमधले, शेजारशेजारचे घ्या. त्यांचे सपाट चेहरे एकमेकांना चिकटवून वर हीटश्रिंक चढवली की दोघांचे तापमान बरोबर राहते. एक रिलेच्या कॉइलला खेटून आणि दुसरा लांब असे बसवले तर दर अंशाच्या फरकाला २ मिलिव्होल्टची चूक येते आणि दोन ट्रान्झिस्टर वापरण्याचा हेतूच जातो. पाय बघून घ्या: बीसी५४७, बीसी५५७, बीसी३३७ या तिन्हींत सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. दुकानदाराने बदली म्हणून २एन३९०४ दिला तर तिथे एमिटर, बेस, कलेक्टर असा उलटा क्रम असतो. उलटा बसलेला ट्रान्झिस्टरही थोडाफार चालतो, आणि म्हणूनच ही चूक सापडायला वेळ लागतो.

रिलेची टकटक. १०० किलोओहम काढून टाकला आहे असे समजा. समतोलाजवळ क्यू३ पूर्ण बंद ते पूर्ण चालू व्हायला बेसवर सुमारे ११ मिलिव्होल्ट लागतात, म्हणजे बॅटरीच्या टोकाला २५ मिलिव्होल्टचा पट्टा. या पट्ट्यात रिले अर्धवट ओढलेला राहतो, कॉन्टॅक्ट नीट दाबले जात नाहीत आणि जळतात. पण खरा त्रास त्याहून मोठा आहे. लोड तुटला की बॅटरीचा व्होल्टेज लगेच वर येतो. वर आला की सर्किट लोड पुन्हा जोडते, जोडला की व्होल्टेज खाली. वायरमधली घसरण त्यात भर घालते: १ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरचा रोध मीटरला सुमारे १७ मिलिओहम, बॅटरी २ मीटरवर असेल तर जाऊन-येऊन ४ मीटर, ५ ॲम्पिअरला ०.३५ व्होल्ट. डिव्हायडर लोडकडच्या टोकाला जोडला असेल तर हे ०.३५ व्होल्ट थेट निर्णयात शिरतात. म्हणून डिव्हायडर आणि झेनर यांच्या दोन्ही वायरी बॅटरीच्या टर्मिनलवरूनच, वेगळ्या घ्या. ग्राउंडची वायरसुद्धा, ती बहुतेक वेळा विसरली जाते.

टकटकीवरचा इलाज म्हणजे चालू होण्याचा आणि बंद होण्याचा उंबरठा वेगळा ठेवणे, म्हणजे हिस्टेरेसिस. व्हॉल्व्हच्या काळात ओटो श्मिट यांनी १९३८ साली प्रसिद्ध केलेल्या ट्रिगर सर्किटचे तत्त्व हेच, आणि इथे ते काम १०० किलोओहम करतो. बॅटरी चांगली असताना क्यू३ चा कलेक्टर सप्लायच्या जवळ असतो, तो १०० किलोओहममधून क्यू१ चा बेस आणखी वर ढकलतो. बॅटरी उतरून क्यू३ बंद झाला की तोच रेझिस्टर बेस खाली ओढतो. प्रीसेट असा लावला की हिस्टेरेसिसशिवाय बदल १२.० व्होल्टला होईल (वरचा भाग ११.४, खालचा १० किलोओहम), तर १०० किलोओहमने लोड ११.३५ ला तुटतो आणि १२.६ ला परत जोडला जातो. २२० किलोओहमने ११.७ आणि १२.३, म्हणजे फरक ०.६ व्होल्ट. १ मेगाओहमने जेमतेम ०.१४ व्होल्ट, ते दिवा लावायला पुरेसे, लोड तोडायला अजिबात नाही. प्रत्यक्षात फरक किंचित जास्त भरतो, कारण सप्लायबरोबर झेनरचा करंट आणि त्याचा व्होल्टेजही थोडा हलतो. या कामाला १०० किलोच ठेवा. पूर्ण भरलेली बॅटरी स्थिर असताना १२.७ च्या आसपास दाखवते, म्हणून १२.६ ला परत जोडणे म्हणजे चार्जर खरोखर लागल्याशिवाय लोड मिळणार नाही.

यात दोन चुका वारंवार होतात. पहिली, १०० किलोओहम क्यू३ च्या कलेक्टरऐवजी क्यू१ च्या कलेक्टरला जोडणे. क्यू१ चा बेस वर गेला की त्याचा कलेक्टर खाली जातो, म्हणजे हा फीडबॅक उलटा पडतो आणि उंबरठा धारदार होण्याऐवजी पसरतो. क्यू३ च्या कलेक्टरपर्यंत सिग्नल दोनदा उलटलेला असतो, म्हणून तिथून घेतलेला फीडबॅक बेसच्या हालचालीला साथ देतो. दुसरी, क्यू३ च्या कलेक्टरचा ४.७ किलोओहम गाळणे. क्यू३ बंद असताना क्यू१ च्या बेसवरून १०० किलोओहममधून ५० मायक्रोॲम्पिअरच्या आसपास करंट परत येतो. त्याला ग्राउंडचा रस्ता मिळाला नाही तर तो ३.३ किलोओहममधून क्यू४ च्या बेसमध्ये शिरतो आणि बंद असायचा रिले धरून राहतो. ४.७ किलोओहमवर तेवढ्या करंटने फक्त पाव व्होल्ट पडतो आणि क्यू४ शांत राहतो.

क्यू४ बद्दल थोडक्यात. १२ व्होल्टच्या साध्या रिलेची कॉइल ४०० ओहमची असते, ३० मिलिॲम्पिअर घेते. ३.३ किलोओहममधून बेसला ३.४ मिलिॲम्पिअर मिळतो, भरपूर आहे. कॉइलवर १एन४००७ उलटा लावा, पट्टीची बाजू सप्लायला. दर्शक एलईडी २.२ किलोओहमसह कॉइलच्या समांतर लावा. क्यू३ च्या कलेक्टरवर लावला तर त्याच्यावर विनाकारण ओझे येते.

मोटर किंवा इन्व्हर्टर सुरू होताना व्होल्टेज क्षणभर कोसळतो आणि रिले सुटतो. कपॅसिटर हवा, पण तो थेट क्यू१ च्या बेसवर लावू नका. तिथे तो फीडबॅकलाही मंद करतो आणि बदलाच्या क्षणी रिले घुटमळतो. वरच्या ८.२ किलोओहमचे ३.९ आणि ४.३ असे दोन तुकडे करा, ३.९ बॅटरीकडे, आणि त्यांच्या सांध्यावरून १०० मायक्रोफॅरड ग्राउंडला. सुमारे एक तृतीयांश सेकंदाचा विलंब मिळतो आणि फीडबॅकचा धक्का बेसला जवळजवळ पूर्ण आणि ताबडतोब पोचतो.

तपासताना बॅटरी न लावता बदलता येणारा सप्लाय लावा आणि मल्टिमीटरने या क्रमाने बघा. झेनरवर ५.३ ते ५.९ च्या दरम्यान व्होल्टेज हवा. सप्लाय ११ व्होल्ट: क्यू१ चा बेस सुमारे ४.९, सामाईक एमिटर ४.९५, क्यू१ च्या कलेक्टरवर पूर्ण ११, क्यू३ च्या कलेक्टरवर पाव व्होल्ट. सप्लाय १३ व्होल्ट: क्यू१ चा बेस ६.४, एमिटर ५.७५, क्यू१ चा कलेक्टर १२.३, क्यू३ चा कलेक्टर जवळजवळ १३. एमिटर नेहमी वरच्या बेसपेक्षा ०.६५ ने खाली दिसला पाहिजे. वरच्या बेसच्या खाली १ व्होल्टपेक्षा जास्त दिसला तर त्या बाजूचा जंक्शन तुटलेला आहे. आणि १२.३ व्होल्टची बॅटरी पहिल्यांदा जोडल्यावर रिले ओढला नाही तर घाबरू नका: सुरुवात बंद अवस्थेतून होते आणि १२.६ पार केल्याशिवाय ती सुटत नाही.

हीच जोडी दुसऱ्या कामाला वापरताना दोन मर्यादा पाळा. बीसी५४७ चा बेस-एमिटर उलट्या दिशेने ६ व्होल्टपर्यंतच सुरक्षित आहे, म्हणून दोन बेसमधला फरक ५ व्होल्टच्या वर जाऊ देऊ नका. आणि संदर्भ १ व्होल्टच्या आसपास असेल तर एमिटर रेझिस्टरवर उरतो जेमतेम ०.३५ व्होल्ट, सामाईक करंट तापमानाबरोबर झोके खातो. अशा वेळी जोडी पीएनपी घ्या आणि सगळे उलटे मांडा. एलएम३९३ या कम्पॅरेटर आयसीच्या आत इनपुटला पीएनपी जोडीच आहे, त्यामुळेच तो ग्राउंडपर्यंतचे व्होल्टेज ओळखतो.

नवे उपकरण बनवायचे असेल तर एलएम३९३ घ्या असेच सांगेन: बेस करंट साधारण २५ नॅनोॲम्पिअर, ऑफसेट (दोन इनपुटांच्या तुलनेतली आतली चूक) कमाल ५ मिलिव्होल्ट, आणि डिव्हायडर हवा तेवढा मोठा करता येतो. वरच्या सर्किटची एक खोट तर काढता येण्यासारखी नाही. लोड तुटल्यावरही झेनर सुमारे ४.८, जोडी १ आणि डिव्हायडर अर्धा मिलिॲम्पिअर घेतच राहतात, मिळून सव्वासहा. दिवसाला ०.१५ ॲम्पिअर-तास. ७ ॲम्पिअर-तासाच्या बॅटरीत कटऑफनंतर १ ॲम्पिअर-तास शिल्लक असेल तर तो आठवड्याभरात संपतो आणि बॅटरी सल्फेट धरते. म्हणून हे सर्किट रोज चार्ज होणाऱ्या बॅटरीवरच लावा. महिनाभर पडून राहणार असेल तर बॅटरीची वायर हाताने काढून ठेवा.